परदेशी कर्जाचा हिशेब अर्थसंकल्पात मांडा: वित्तमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वित्त व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झालेली लेखाधिकारी. नोकरी सगळी मराठवाड्यात झाली. सासर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव जमीनदोस्त झालं आणि पुढे नव्या जागेवर वसवलं गेलं. परदेशी पैशांतून उभ्या राहिलेल्या घरात मी संसार केला आणि तशाच पैशांचे हिशेब कचेरीत लिहिले. म्हणून "राज्याला जागतिक बँकेचं इतक्या कोटींचं अर्थसहाय्य" अशी बातमी आली की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि माझं लक्ष जातं ते कर्ज फेडायचं कोणी आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, याकडे.

शेतीला हवामानबदलाशी झुंजता यावं म्हणून जागतिक बँकेच्या कर्जातून चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा, म्हणजे पोकराचा, दुसरा टप्पा सुरू होतो आहे. सहा हजार कोटींचा प्रकल्प, 21 जिल्हे, सात हजारांवर गावं. पहिल्या टप्प्यात चार हजार कोटींपैकी 70 टक्के जागतिक बँकेचे आणि 30 टक्के राज्याचे होते. शेडनेट, ठिबक, शेततळी यांचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात आलं, ही चांगली गोष्ट झाली. प्रकल्प बंद करा असं मी म्हणत नाही. पण एका टप्प्याचा हिशेब लोकांसमोर न मांडता दुसरा सुरू व्हावा, हे मला गप्प बसून पाहवत नाही.

भूकंपानंतरच्या मदतीबद्दल कृतज्ञता आहे, हे आधीच सांगते. सुमारे दहा हजार माणसं गेली होती. जागतिक बँकेनं 24.6 कोटी डॉलर दिले, इतर देशांनी आणि संस्थांनीही हात दिला. 52 गावं नव्यानं वसली, बाकीच्या गावांतली घरं दुरुस्त झाली. तो पैसा आला नसता तर पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले असते कोण जाणे. माझी तक्रार पैसा आल्याची नाही. तो तिजोरीत शिरल्यावर तिजोरीचं काय होतं हे कोणी सांगत नाही, ही आहे.

पहिला मुद्दा: तो पैसा कोणत्या अटींवर येतो, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

राज्यघटनेच्या 293 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याला देशाबाहेर थेट कर्ज काढता येत नाही. कर्ज केंद्र काढतं आणि राज्याला देतं. किल्लारीच्या काळात जागतिक बँकेचा सवलतीचा पैसा केंद्राला अवघ्या 0.75 टक्के सेवाशुल्कावर मिळायचा. मुदत 35 वर्षं, त्यातली पहिली दहा वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही. आपल्यासारख्या सर्वसाधारण राज्याला हाच पैसा 30 टक्के अनुदान आणि 70 टक्के कर्ज असा यायचा आणि कर्जाच्या भागावर व्याज लागायचं त्या काळी बारा-तेरा टक्क्यांच्या घरात. केंद्राची बाजूही सांगायला हवी. रुपया घसरला तर ते नुकसान केंद्र सोसत होतं, आणि 30 टक्के तर परत मागतच नव्हतं. तरीही आमच्या गावातल्या एकालाही "जगानं दिलेल्या" घरामागे राज्याच्या डोक्यावर दोन अंकी व्याजाचं कर्ज बसलं आहे, हे माहीत नव्हतं. मलाही ते नोकरीत वरच्या टेबलावर गेल्यावर कळलं.

2005 पासून पद्धत बदलली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार परदेशी कर्ज ज्या अटींवर केंद्राला मिळतं त्याच अटींवर राज्याकडे येऊ लागलं. मधली व्याजाची चढण गेली, पण डॉलरच्या भावाची जोखीम आता राज्याच्या गळ्यात आली. त्यात 2014 साली भारत जागतिक बँकेच्या सवलतीच्या खिडकीतून बाहेर पडला. आता मिळतं ते बँकेचं नेहमीचं कर्ज, बाजारातल्या डॉलरच्या व्याजदराला बांधलेलं. शिवाय पोकराचा करार झाला त्या काळी सुरुवातीचं पाव टक्का शुल्क वेगळं होतं आणि मंजूर होऊन न उचललेल्या रकमेवर वर्षाला पाव टक्का आणखी वेगळं. म्हणजे प्रकल्प रखडला तर न वापरलेल्या पैशांचेही पैसे मोजायचे.

आता साधं गणित. पोकराच्या करारावर एप्रिल 2018 मध्ये सह्या झाल्या तेव्हा डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता. 2025 संपता संपता तो नव्वदीला पोचला. 65 च्या भावानं उचललेल्या एक कोटी डॉलरचे तेव्हा 65 कोटी रुपये झाले. तेच एक कोटी डॉलर नव्वदच्या भावानं फेडायचे तर 90 कोटी लागतील, आणि व्याज निराळं. वर्षाला सरासरी चार टक्क्यांची ही घसरण व्याजात मिळवली, आणि 2023 साली डॉलरचे मूळ दरच पाच टक्क्यांच्या वर गेले होते हे लक्षात घेतलं, तर "स्वस्त परदेशी कर्ज" आणि राज्यानं इथल्या बाजारात सात-साडेसात टक्क्यांनी काढलेलं कर्ज यांत स्वस्त कोणतं, असा प्रश्न पडतो. मान्य आहे, सगळी रक्कम एकदम उचलली जात नाही, परतफेड लांबवर पसरलेली असते, आणि रुपया पुढे सावरूही शकतो. पण मग हा हिशेब करून दाखवायला हरकत कसली? वित्त विभागात तो करणारी माणसं आहेत. मी त्यांच्यातल्या काहींना ओळखते, हुशार आहेत.

दुसरा मुद्दा जरा लांब आहे, कारण माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे.

परदेशी पैसा एका कामासाठी येतो, पण तिजोरी एकच असते. ज्या कामावर सरकार स्वतःचे पैसे घालणारच होतं, त्यावर बाहेरचे आले की सरकारचे मोकळे होतात आणि दुसरीकडे जातात. कागदावर बाहेरच्या प्रत्येक रुपयाची, तो ठरल्या कामी लागल्याची, उपयोगिता प्रमाणपत्रं असतात, शिक्का-सही-दिनांकासह, आणि ती खोटी नसतात. मोकळा झालेला आपला रुपया मात्र कुठे गेला, याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. जागतिक बँकेच्याच अर्थतज्ज्ञांनी भारतावर केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की परदेशी साहाय्यानं बव्हंशी तोच खर्च भागला जो सरकार एरवीही करणार होतं, आणि राज्याच्या नावानं परदेशी पैसा आला की केंद्रानं त्या राज्याला द्यायच्या इतर रकमा तेवढ्या आखडत्या घेतल्या. देणाऱ्यानंच सांगितलेली गोष्ट आहे ही, एखाद्या विरोधी पक्षाची नव्हे.

मी ते खालच्या पायरीवरून पाहिलं आहे. एका जिल्ह्यात मी असताना पाणीपुरवठ्याचा एक परदेशी प्रकल्प सुरू झाला. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हातपंप आणि जुन्या नळयोजनांच्या देखभाल-दुरुस्तीची तरतूद निम्म्याहून खाली आली. मी टिपणी लिहिली. साहेबांनी समासात शेरा मारला, "प्रकल्पातून होत आहे." प्रकल्पातून होत होतं ते निवडलेल्या गावांत. न निवडलेल्या गावांतल्या हातपंपांचे वॉशर बदलायलाही त्या वर्षी पैसे नव्हते, आणि बीडीएसवर, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर, तरतूद दिसत नाही म्हणून बिलं तशीच पडून राहिली. तो अधिकारी वाईट नव्हता. वरून तरतूद कमी आली, त्यानं कारण शोधलं, इतकंच.

याला जोडून राज्य हिश्श्याचं घ्या. करारात 30 टक्के लिहिले की ते द्यावेच लागतात. त्यातही पद्धत प्रतिपूर्तीची. आधी राज्यानं तिजोरीतून खर्च करायचा, मग दावा दिल्लीला साहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांकडे जातो, तिथून बँकेकडे, आणि मग पैसे उलट्या वाटेनं परत येतात. दरम्यान मार्च उजाडतो. वित्त विभागाची कात्री निघते आणि ती करारानं बांधलेल्या तरतुदीवर चालत नाही. चालते कुठे? अंगणवाडीच्या दुरुस्तीवर, शाळेच्या वीजबिलावर, ग्रामीण रस्त्यांच्या खड्ड्यांवर. ज्यांच्यामागे कोणाचा करार नाही अशा सगळ्या गोष्टींवर.

तिसरा मुद्दा प्रकल्प संपल्यानंतरचा. भूकंपाचा प्रकल्प 1998 च्या अखेरीस बंद झाला. जुन्या गावात दोन बैलगाड्या जेमतेम जातील अशा गल्ल्या होत्या. नव्या गावाचा आराखडा शहरासारखा: चौकोनी आखणी, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी गटारं, खांबाखांबावर दिवे. गाव पूर्वीच्या कितीतरी पट जागेवर पसरलं. माणसं तीच आणि घरपट्टी-पाणीपट्टीही तीच, उलट निम्मी थकलेली. रस्त्याची लांबी वाढली, गटाराची लांबी वाढली, दिव्यांचे खांब वाढले आणि ग्रामपंचायतीचं उत्पन्न होतं तिथेच राहिलं. करारात बांधकामाचं कलम होतं, आमच्या ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाला मात्र कोणी विचारलं नाही. आज आमच्या गल्लीतल्या गटारात वेडी बाभूळ उगवली आहे. खांब उभे आहेत. पथदिव्यांचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडली गेली तेव्हा ग्रामसभेत सरपंचांनी सांगितलं, "काकू, तुम्ही हिशेबातल्या. सांगा, कुठल्या निधीतून भरू?" मी निधीची नावं एकेक सांगत गेले आणि ते एकेकाची अट सांगत गेले. शेवटी दोघंही गप्प झालो.

खेड्यांच्या पाणीपुरवठ्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून आलेल्या जलस्वराज्यचंही तसंच. 2003 नंतर आलेल्या या प्रकल्पात गावानं भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी द्यायची आणि पुढची देखभाल सगळी स्वतः करायची, अशी अट होती. तत्त्व म्हणून मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. ज्यानं वर्गणी दिली त्याला नळाची चाड असते. पण विहीर आटली, मोटार जळली, पाणीपट्टी थकली की समितीनं जायचं कोणाकडे? प्रकल्पाची कचेरी बंद, कंत्राटी माणसं घरी गेलेली, आणि नियमित विभाग म्हणतो ही योजना आमच्या यादीत नाही. दर दहा वर्षांनी नव्या नावाची योजना येते आणि त्याच गावात पुन्हा नवी टाकी बांधते. आमच्या तालुक्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन टाक्या दाखवते, कधी आलात तर. नव्या टाकीला कर्ज मिळतं, जुन्या टाकीच्या व्हॉल्व्हला मिळत नाही. टाक्या तीन होण्याचं कारण एवढंच आहे.

जग काही वेगळं नाही. आफ्रिकेतल्या मालावीच्या अर्थसंकल्पाचा जवळपास 40 टक्के भाग देणगीदार देशांच्या पैशावर चाले. 2013 साली तिथल्या तिजोरीतली लूट उघड झाली, देणगीदारांनी हात आखडला आणि सरकारवर आपल्याच बाजारातून चढ्या व्याजानं कर्ज काढायची पाळी आली. 2025 साली अमेरिकेनं यूएसएड ही आपली मदतसंस्था गुंडाळली तेव्हा अनेक देशांत एचआयव्हीच्या कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका आदेशानं थांबले. नायजेरियाच्या संसदेनं घाईनं आरोग्यासाठी वीस कोटी डॉलरची जादा तरतूद केली. ही तरतूद आधी का नव्हती, हा तिथल्या लोकांचा प्रश्न आहे. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मालावीसारखा परावलंबी नाही, राज्याच्या एकूण खर्चात परदेशी प्रकल्पांचा वाटा लहानच आहे. पण शेतीची हवामानाशी झुंज आणि खेड्याचं पाणी ही कामं आपण वर्षानुवर्षं प्रकल्पावर सोपवत आलो आहोत. तेवढ्या कोपऱ्यात तरी आपली अवस्था तीच आहे.

आपण नेहमी असेच नव्हतो. अमेरिकेकडून पीएल-480 या कायद्याखाली आलेला लाल गहू खाल्लेली पिढी अजून आहे. त्या धान्याच्या किमतीचे रुपये आपल्याच देशात अमेरिकेच्या नावावर साठत गेले. ते प्रकरण मिटवायला 18 फेब्रुवारी 1974 रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती 1,664 कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. एवढं साठेपर्यंत त्या रुपयांचं करायचं काय, हा दोन्ही सरकारांपुढे यक्षप्रश्न होता. त्याच सुमाराला, बहात्तरच्या दुष्काळानं होरपळलेल्या महाराष्ट्रानं दुसरी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी 1975 साली व्यवसाय कर बसवला. पगारदारानं महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि दुष्काळी गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं. माझ्या पगारपत्रकात निवृत्तीपर्यंत दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 अशी ती कपात होती. कुरकूर सगळेच करायचे, पण त्या 200 रुपयांचा जाब विचारायचा हक्कही सगळ्यांना वाटायचा. त्या निधीतली रक्कम खर्च न होता पडून राहिली, यावर आरडाओरडा झाला, सभागृहात प्रश्न आले, कारण पैसा कोणाचा हे ठाऊक होतं. पोकराच्या डॉलरवर असा आरडाओरडा ऐकला आहे का आपण?

चौथा मुद्दा माहितीचा. आपला विभाग म्हणेल की सगळं उपलब्ध आहे. महालेखापालांच्या वित्तीय लेख्यांत परदेशी साहाय्यित प्रकल्पांचं परिशिष्ट असतं, हे मला माहीत आहे. ते वर्ष उलटून गेल्यावर येतं, आणि त्यातून मंजूर किती, मिळाले किती, फेडले किती एवढं कळतं. विभागाची स्वतःची तरतूद त्यामुळे घटली का आणि प्रकल्पानंतर देखभाल कोण करणार, हे त्यात नसतं. मोठ्या शहरी प्रकल्पांचं तर आणखी निराळं. 2017 साली केंद्रानं राज्यांच्या सक्षम संस्थांना परदेशी सरकारी कर्ज थेट घेण्याची मुभा दिली आणि शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) जपानकडून कर्ज घेतलं, राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी घेऊन. सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, एकदा मुलाबरोबर त्यावरून जाऊनही आले, देखणा आहे. पण हे कर्ज राज्याच्या कर्जाच्या आकड्यात दिसत नाही, हमीच्या तक्त्यात दिसतं. तो तक्ता किती आमदार उघडतात, हे आपणच सांगावं.

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

एक. येत्या अर्थसंकल्पासोबत परदेशी साहाय्यित प्रकल्पांची स्वतंत्र पुस्तिका मराठीत प्रसिद्ध करावी. प्रत्येक प्रकल्पापुढे मूळ चलनातलं कर्ज, उचललेली रक्कम, आजच्या भावानं रुपयांत शिल्लक, आतापर्यंतचं व्याज आणि शुल्कं, शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी, एवढं असावं. राज्याच्या हमीवर संस्थांनी घेतलेली कर्जंही त्यातच यावीत.

दोन. त्या विभागाची प्रकल्पाच्या आधीची तीन वर्षं आणि प्रकल्प चालू असतानाची वर्षं, यांतली स्वतःच्या पैशांतली तरतूद शेजारी शेजारी छापावी. घटली असेल तर कारण लिहावं. "प्रकल्पातून होत आहे" हे कारण चालणार नाही.

तीन. पुढच्या कोणत्याही करारावर सही होण्याआधी, प्रकल्प बंद झाल्यानंतर किमान दहा वर्षं देखभाल कोण करणार, कोणत्या लेखाशीर्षातून आणि अंदाजे किती रकमेची, हे शासन निर्णयात लिहावं. तो भार ग्रामपंचायतीवर असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि ठरावासोबत त्या ग्रामपंचायतीचं तीन वर्षांचं प्रत्यक्ष उत्पन्न जोडावं.

चार. भूकंपानंतर वसवलेल्या 52 गावांच्या रस्ते, गटारं, पथदिव्यांसाठी एकदाच खास तरतूद करून थकबाकी मिटवावी. ही भीक नाही. एवढं पसरट गाव आम्ही मागितलं नव्हतं, आराखडा शासनाचा होता.

पाच. पोकराच्या पहिल्या टप्प्याचा, दुसरी मागणी लागू करून केलेला हिशेब दुसऱ्या टप्प्याच्या पुढच्या हप्त्याआधी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा.

यातल्या एकाही मागणीला परदेशातून पैसे आणावे लागणार नाहीत. चौथी सोडली तर इथलेही फारसे लागणार नाहीत. आकडे विभागाकडे आहेत, फक्त ते एका कागदावर यायचे आहेत.

अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत उत्तराची वाट पाहीन. तोवर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर लिहून ठेवले आहेत आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त लेखाधिकारी,
तालुका औसा, जिल्हा लातूर